त्या हिशेबात तुमचा पगार कुठे आहे?

पत्र थोडक्यात: डोंबिवलीत राहणाऱ्या ४१ वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीने हे पत्र लिहिलं आहे. घरी नवरा, सातवीतली मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. स्वतःचा वन-बीएचके आहे, कर्जाचे १२ लाख बाकी, हप्ता २१ हजारांचा. नवऱ्याची नोकरी अंधेरीला. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. जाऊन-येऊन रोजचे साडेतीन तास. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्यादरम्यान लोकलच्या दारातून प्रवासी पडले, तेव्हापासून तो ऑफिसला पोहोचल्यावर रोज घरी फोन करतो. आता कंपनीने घरून काम करायला मुभा दिली आहे, महिन्यातून दोनदा तोंड दाखवलं की झालं. डिसेंबरात वाईला मित्राकडे चार दिवस राहून आल्यापासून त्याने तिकडेच जायचा ध्यास घेतला आहे. डोंबिवलीचं घर ५८ लाखांना जाईल, वाईत टू-बीएचके ३६ लाखांत मिळेल, कर्ज फिटेल, महिन्याला २२ हजार वाचतील, असं त्याचं गणित. मैत्रीण एका सीएंच्या ऑफिसात चौदा वर्षं काम करते, पगार २६ हजार. ‘माझं काय, कुठेही काहीतरी जमेल,’ असं ती लिहिते. नातेवाईक म्हणतात, लोक मुंबईत यायला धडपडतात आणि तुम्ही उलटे निघालात. सासूबाई काहीच बोलत नाहीत. एप्रिलपर्यंत ठरवायचं आहे. तिचे प्रश्न दोन: आम्ही पळ काढतोय का? आणि चुकलं तर परत येता येईल का?

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रासोबत यजमानांनी केलेल्या हिशेबाचा फोटो आहे. मी तो दोन-तीनदा नीट पाहिला. चौकटीच्या वहीचं पान, डावीकडे डोंबिवली, उजवीकडे वाई. हप्त्याचे २१ हजार वाचले. पास आणि बाहेरचं खाणं, साडेतीन हजार वाचले. शाळेच्या फीत दोन हजारांचा फरक. त्यातून मुंबईच्या दोन फेऱ्यांचे साडेचार हजार वजा. खाली दोन रेघा मारून २२ हजार. दुधाच्या पिशवीमागे किती वाचेल तेसुद्धा कोपऱ्यात बारीक अक्षरात टिपलंय. माणूस रात्री जागून, जीव लावून बसलेला दिसतो.

त्या पानावर तुमचे २६ हजार मात्र कुठेच नाहीत.

वाईला गेल्यावर ते बंद होणार असतील, तर २२ हजारांची बचत कसली, महिन्याला चार हजारांचा खड्डा पडतो. यजमानांनी हे मुद्दाम वगळलं असेल असं मला वाटत नाही. ‘माझं काय, कुठेही काहीतरी जमेल’ हे तुम्हीच म्हणालात. घरातली बाई असं म्हणाली की तिचा पगार वरकड धरला जातो आणि हिशेब मांडताना तो सुटला हे कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याच पत्रात पुढे तुम्ही सहज लिहून गेलात, की नव्या मुली रिटर्न भरण्याआधी तुम्हाला दाखवतात आणि एखादी नोटीस आली की साहेब फाइल आधी तुमच्या टेबलावर ठेवतात. चौदा वर्षांत कमावलेली ही जागा आहे. तिला ‘काहीतरी’ म्हणू नका.

म्हणून घर बघण्याआधी, एजंटला फोन करण्याआधी, तुम्ही तुमच्या साहेबांशी बोला. मी हे काम सोडू इच्छित नाही, असं आधी सांगा. मग प्रस्ताव ठेवा. तुमचं बरंचसं काम टॅलीवर (हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर) आणि कराच्या पोर्टलवर चालतं, ते वाईहून होऊ शकतं. ज्यांची जीएसटीची रिटर्न दर महिन्याला जातात त्यांची जीएसटीआर-वन ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-थ्री-बी २० तारखेपर्यंत भरायची असते. त्या तारखांच्या आसपासचे चार-पाच दिवस मी येऊन बसेन, ऑडिटच्या सप्टेंबरात जास्त दिवस येईन, बाकी घरून करेन, असं मोजून-मापून सांगा. साहेब ‘बघू’ म्हणाले तर त्यावर विसंबू नका, दोन महिने डोंबिवलीतूनच, घरी बसून, हे करून दाखवायची तयारी ठेवा. त्यांनी साफ नकार दिला तरी एक गोष्ट कळेल: वाईत राहणं तुम्हाला किती महाग पडणार आहे ते. हा आकडा हातात आल्याशिवाय या घरात कुणी ‘स्वस्त’ हा शब्द वापरू नये.

यजमानांच्या बाजूचंही बोलायला हवं. पळ काढतोय का, असं तुम्ही विचारता. जो माणूस रोज सकाळी दारात लटकून जातो आणि पोहोचल्यावर ‘पोचलो’ एवढं सांगायला फोन करतो, त्याला त्यातून सुटावंसं वाटलं तर त्यात कमीपणा कसला? मुंबईत टिकून राहणं म्हणजेच कर्तबगारी, ही आपल्या आई-वडिलांच्या पिढीची समजूत होती आणि त्यांच्या काळात तिला अर्थही होता. गिरणी, बँक, सरकारी ऑफिस, सगळं इथेच होतं. आज यजमानांचं काम लॅपटॉपवर आहे. नातेवाइकांना उत्तर द्यायची गरज नाही.

मला शंका वेगळीच येते. त्यांना वाई हवी आहे, की फक्त लोकल नको आहे? दोन्ही इच्छा खऱ्या आहेत, पण त्यांची उत्तरं वेगळी आहेत. कंपनीने घरून काम करायला मुभा दिलीच आहे, म्हणजे लोकल आत्ताच, डोंबिवलीत बसूनही सुटली. तरीही त्यांना जायचं असेल, तर आणखी काहीतरी हवं आहे. मोठं घर? मोकळी हवा? मित्राची सोबत? ४३० चौरस फुटांत चार माणसं आणि त्यात एकाचं दिवसभर कॉलवर बोलणं, याचा त्रास असेल तर डोंबिवलीतच थोडं मोठं घर भाड्याने घेणं हाही एक मार्ग आहे. त्यांना एकदा शांतपणे विचारा, दोघंच असताना. आणि घरून काम करण्याची परवानगी लेखी आहे का, हेही विचारा. साथीच्या काळात घरी पाठवलेल्या कित्येकांना नंतर कंपन्यांनी परत बोलावलं. वरिष्ठ बदलला की तोंडी परवानगी संपते.

आता घराचं. डोंबिवलीचं घर इतक्यात विकू नका. हे मी जरा ठासून सांगते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ५८ लाखांतून कर्जाचे १२ गेले, वाईच्या घराचे ३६ गेले, उरले १० लाख. यजमानांनी तेवढे एफडीत दाखवलेत. पण ३६ लाखांच्या घराला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून दोन-अडीच लाख सहज जातील. घर तुमच्या नावावर घेतलंत तर महाराष्ट्रात स्त्री खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, ती जरूर घ्या. नुसत्या सवलतीसाठी नाही, तुमच्या नावावर घर असावं म्हणूनही. दोन्हीकडची दलाली, फर्निचर, सामान हलवणं धरलं तर हातात पाच-सहा लाख राहतील. आणि त्यानंतर डोंबिवलीत परत घर घ्यायचं ठरलं, तर ते ५८ लाखांना मिळेल का? विकणं दोन महिन्यांत होतं, परतीची वाट मात्र तिथेच बंद होते.

त्याऐवजी एक वर्ष भाड्याने राहा. तुमच्या बिल्डिंगमध्ये वन-बीएचके १४ हजारांना जातो, वाईत यजमानांच्या मित्राने ९ हजारांत टू-बीएचके सांगितलाय, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे वर पाच हजार उरतात. त्यातून सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क, म्हणजे घर भाड्याने दिल्याबद्दलचा आकार, द्यावा लागेल. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, हे लक्षात असू द्या, काही सोसायट्या मनाला येईल ते लावतात. मिळणारं भाडं उत्पन्नात दाखवावं लागेल, ते तुम्हाला मी काय सांगणार. हप्ता चालूच राहील. तुमचा पगार टिकला तर वर्ष आरामात निघेल. टिकला नाही, तर महिन्याला वीसेक हजारांची ओढ बसेल. हे वर्ष काढायची ताकद आज तुमच्या बचतीत आहे का, तेही या पानावर लिहा.

डिसेंबरातली वाई कुणालाही आवडेल. कृष्णेचं पाणी संथ, थंडी बेताची, घाटावर ऊन खात बसलेली माणसं. तेवढ्यावर घर घेऊ नये, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. २०१९ च्या सुरुवातीला नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही ठाण्याहून चिपळूणला गेलो. घर जानेवारीत पाहिलं. बाजारपेठेजवळ, तळमजला, हवेशीर, ठाण्याच्या मानाने भाडं निम्म्याहून कमी. स्वयंपाकघराला ताजा पोपटी रंग दिला होता, मला तो फार आवडला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे दीड दिवस काढला. पाणी उतरल्यावर त्या पोपटी रंगाचे पोपडे सुटले आणि खाली मळकट तपकिरी रेघ दिसली, माझ्या खांद्याच्याही वर. २००५ च्या पुराची. घरमालक बोलला नव्हता आणि आम्ही विचारलं नव्हतं. त्या बोळातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाने पाच मिनिटांत सांगितलं असतं. चिखल काढायला आलेल्या अनोळखी मुलांची फावडी मला अजून आठवतात. आम्ही तिथे पुढेही दोन वर्षं राहिलो, उंचावरच्या घरात, आणि ती वर्षं चांगली गेली. पण घर निवडताना पावसाळा बघायचा असतो, हे शिकायला आम्ही फार मोठी किंमत मोजली.

वाईत तर ही गोष्ट देवळावरच लिहिलेली आहे. सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या मागे जाऊन बघा. मागची भिंत माशाच्या आकारात निमुळती केली आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. वर धोम धरण आहे, पावसाळ्यात तिथून पाणी सोडलं की घाट पाण्याखाली जातात. नदीकाठच्या आळीतलं घर सुंदरच असणार. शेजारच्या आजोबांना विचारून मग हो म्हणा. मे महिन्यातली वाईही बघा. महाबळेश्वर-पाचगणीला जाणारी गर्दी गावातूनच पसरणीच्या घाटाला लागते, सुट्टीच्या दिवशी दूध आणायला निघालेला माणूस रांगेत अडकतो. गावाला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन वाठार, मोठं म्हणाल तर सातारा, आणि तेही गावाबाहेर माहुलीला. म्हणजे मुंबईच्या दोन फेऱ्या एसटीने किंवा स्वतःच्या गाडीने, जाताना पाच-सहा तास धराच. गाडी घ्यायची असेल तर तिचा हप्ताही पानावर हवा.

सासूबाईंबद्दल तुम्ही दीडच ओळ लिहिलीत. त्या बोलत नाहीत, एवढंच. मात्र पत्रात दुसऱ्या संदर्भात आलंय की त्या रोज संध्याकाळी गणेश मंदिरात जातात आणि मंगळवारी भजनी मंडळ असतं. वीस वर्षं. त्यांच्या देवळातल्या मैत्रिणींची नावं तुम्हाला माहीत आहेत का? बहात्तराव्या वर्षी माणसाची दुनिया पाच-सहा माणसांची आणि दोन रस्त्यांची असते. तुम्ही तिघं वाईत हळूहळू रुळाल. यजमानांना काम आहे, मुलीला शाळा मिळेल. सासूबाईंना सगळं पहिल्यापासून जुळवायचंय, तेही गुडघे दुखत असताना. मुलाच्या घरात राहतो म्हणून मुलाच्या निर्णयावर बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसतं. ‘तुम्हाला चालेल ना?’ असं विचारलंत तर त्या ‘चालेल’ म्हणतील. म्हणून तसं विचारू नका. ‘तिकडे गेलो तर तुम्हाला कशाची सगळ्यात जास्त आठवण येईल?’ असं विचारा आणि मग थांबा, मध्ये बोलू नका.

त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. वाईत चांगले डॉक्टर आहेत, पण रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर कुठे न्यायचं, हे आधी ठरवलेलं असावं. सातारा साधारण ३५ किलोमीटर, पुणे ९०. यजमानांच्या मित्राला विचारा की त्याच्या घरच्यांना वेळ आली तेव्हा कुठे नेलं, किती वेळ लागला. तुमच्या विम्याची कॅशलेस सोय साताऱ्यातल्या कुठल्या रुग्णालयात आहे, तेही बघा. एकच गोष्ट मला त्यांच्यासाठी आशेची वाटते. वाई हे नुसतं स्वस्त गाव नाही. मराठी विश्वकोशाचं काम तिथून चालतं, वसंत व्याख्यानमालेची जुनी परंपरा आहे, कृष्णाबाईचा उत्सव प्रत्येक घाटाची आळी आपापला करते. अशा गावात भजन येणाऱ्या बाईला जागा मिळते, कुणीतरी पहिल्यांदा हाताला धरून नेलं तर.

मुलीचं वेळापत्रक तुमच्या बाजूने आहे. जूनमध्ये ती आठवीत जाईल. नववी-दहावी एकाच शाळेत व्हावी, म्हणून हलायचं तर आत्ताच, नाहीतर दहावीनंतर. आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार जूनमध्ये केला तर तो पुढच्या एप्रिल-मेमध्ये संपतो, म्हणजे आठवी झाल्यावर. तेव्हा चौघं बसून ठरवा: राहायचं की नववीला परतायचं. तिला हे आजच सांगा, की एका वर्षानंतर तुझंही मत घेतलं जाईल. ते खरंच घ्या. शाळा बघायला तिला घेऊन जा, वर्गात मुली किती, विज्ञानाची प्रयोगशाळा उघडी असते का, हे तिलाच बघू द्या. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. सासूबाईंना याचा आधार वाटेल, तेरा वर्षांच्या मुलीला जाच वाटू शकतो. क्लासवरून उशिरा आली, कुणाशी बोलली, हे तिच्याआधी घरी पोचेल. अशा वेळी तुम्ही तिच्या बाजूने उभ्या राहाल, हे दोघांनी आधी ठरवून ठेवा.

अशी पत्रं मला बरीच येतात. कुणाला कुडाळ, कुणाला सांगली, कुणाला रत्नागिरी. त्यांच्यासाठीही दोन गोष्टी. सांगलीकडे जाणाऱ्यांनी २०१९ च्या महापुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते गल्लीत उभं राहून विचारावं. आणि स्वस्तात गुंठा-दोन गुंठे देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही. प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड कुणाच्या नावे आहे, हे आपल्या वकिलाकडून तपासून घ्या, विकणाऱ्याच्या नव्हे. लहान गावात भाड्याचं घर शोधताना आडनाव, गाव, खाणंपिणं विचारलं जातं. मुंबईतही विचारतात, तिकडे अधिक उघडपणे. त्यातून काही घरं तुम्हाला नाकारली गेली तर ते दुखतं. ज्या गावात ते फार झालं, तिथे राहायचं का याचा विचार करायचा हक्क तुम्हाला आहे.

एप्रिलपर्यंत तुमच्याकडे वेळ आहे. मुलीची परीक्षा संपली की चौघं आठवडाभर वाईत राहा, मित्राकडे नको, भाड्याच्या खोलीत, सोमवार ते रविवार. यजमानांनी तिथून रोजचं काम करावं, नेट कितीदा जातं ते बघावं. देखभालीसाठी वीज कुठल्या वारी बंद असते ते दुकानदाराला विचारा. तुम्ही लॅपटॉप घेऊन जा आणि एखाद्या क्लायंटचं काम तिथे बसून पूर्ण करा. एका संध्याकाळी सासूबाईंना घेऊन घाटावर जा, पायऱ्या त्यांना झेपतात का बघा, झेपत नसतील तर वर देवळातच बसा.

तिथून आल्यावर चौकटीच्या वहीचं नवं पान घ्या. या वेळी पेन तुमच्या हातात असू दे, आणि पहिल्या ओळीत तुमचे २६ हजार लिहा. पुढे काय ठरलं ते मला नक्की कळवा, सासूबाई काय म्हणाल्या तेही.

तुमची,
सदरलेखिका